आठव्यातली नदी

आमच्या घरात कागद म्हणजे पत्रक. पिठाच्या डब्याच्या तळाला पत्रक, आरशामागं पत्रक, फळीवर भांड्यांखाली अंथरलेलं पत्रक. शाळेत जायच्या आधी मी अक्षरं ओळखायला लागले ती त्यांच्यावरूनच, आणि म्हणूनच की काय, मला हळू बोलणं फार उशिरा जमलं. आबा, म्हणजे माझे वडील, परभणीच्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे आणि घरी आल्या आल्या ओसरीवर टाकायचे. माय, माझी मोठी बहीण अक्का आणि मी बसून घड्या घालायचो. हुंडा, बुवाबाजी, अंगात येणं, बायकांची मजुरी, दारूचं दुकान. आबा ताडकळसच्या आठवडी बाजारात एखाद्या लिंबाखाली उभे राहून तासन्‌तास बोलायचे. माय घरी डकवायला खळ शिजवायची आणि घड्यांवरून अंगठ्याचं नख इतकं सफाईनं फिरवायची की छापखान्यातही तशी घडी पडत नसे.

अशा घरात अक्का पहिल्या बाळंतपणाला आली. तिच्यासाठी मी तरी निर्धास्त असायला हवं होतं. पण पहिल्या आठवड्यापासून मी तशी नव्हते, आणि का ते मला सांगता येत नव्हतं.

आमच्या भागात आठव्या महिन्यात पोटुशी बाई नदी ओलांडत नाही. सातव्यात चालतं, नवव्यात चालतं, आठव्यात नाही. आमचं गाव नदीच्या अलीकडं आणि बाकीचं सगळं जग पलीकडं. पालमचा दवाखाना पलीकडं, औषधाचं दुकान पलीकडं, एसटी पलीकडं. आता पूल आहे. हिवाळ्यात त्या पुलाखाली म्हशी बसतील एवढंच पाणी असतं. तरीही आठवा लागला की तो पूल नसल्यासारखाच होतो. ज्या दिवसांत बाईला डॉक्टरची सर्वांत जास्त गरज, नेमक्या त्याच दिवसांत तिला कोंडून ठेवायचं, आणि त्याला जपणं म्हणायचं. या रिवाजाची मला लहानपणापासून चीड आहे.

अक्का आली त्याच्या आदल्याच वर्षी मी त्यावर पत्रक लिहिलं होतं. मथळा जळजळीत होता, आणि आतल्या मजकुरात मी सासवांना, आयांना आणि एकूणच गावाला असं काही झोडपलं होतं की वाचणाऱ्याची मान वर होऊ नये. एरवी आबा माझ्या प्रत्येक पत्रकात शब्द बदलायचे, वाद घालायचे. हे त्यांनी वाचलं, घडी केली, पिशवीत टाकलं आणि छापून आणलं. एक शब्दही बोलले नाहीत. मायनं नेहमीसारख्या घड्या घातल्या. तीही बोलली नाही. मला वाटलं, पत्रक जमलंय.

अक्काच्या सासरचे लोक ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर सगळं घर साखर कारखान्याच्या तळावर, कोप्यांमध्ये, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहायला गेलं होतं. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी, धरतात. अक्का पोटुशी म्हणून तिच्या जागी सासू नवऱ्याच्या, म्हणजे स्वतःच्या मुलाच्या, जोडीला उभी राहिली आणि अक्काला आमच्याकडं पाठवलं. सातव्या महिन्यात मायनं ओटी भरली. गावातल्या कासारणीला बोलावून दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या भरल्या. या बांगड्या बाळंत होईपर्यंत काढायच्या नाहीत, आणि वाढू तर अजिबात द्यायच्या नाहीत. बांगडी फुटली असं आमच्याकडं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. अक्का मुळात काडी. कासारणीनं सांगितलं, दोन दिवस तूप खा, नाहीतर एवढ्या सैल बांगड्या विहिरीत पडतील. भाकरी थापताना त्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायच्या आणि परत यायच्या. सकाळी मला जाग यायची ती त्या आवाजानं.

आठवा लागला तशी गावातली आशाताई दोनदा येऊन गेली. अक्काचे पाय बघून म्हणाली, पालमला नेऊन एकदा रक्तदाब तपासून घ्या, माझं यंत्र बिघडलंय. मायनं तिला चहा दिला, साखर जरा जास्तच घातली, आणि म्हणाली, नववा लागला की लगेच नेते. मी तिथंच तडकले. मायनं ऐकून घेतलं, कप विसळले आणि शेंगा फोडायला बसली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याशी कसं बोलायचं हे मला शिकवलेलं होतं. गप्प बसून शेंगा फोडणाऱ्याशी काय बोलायचं ते आमच्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

त्या दिवसांत अक्का भरायला लागली. गाल वर आले, हनुवटीखाली वळी पडली, बोटं गुबगुबीत झाली. मायला बरं वाटलं. शेजारणी यायच्या, अक्काला वरखाली बघायच्या आणि म्हणायच्या, माहेरचं अन्न अंगी लागलं बाई, तोडीवर राहिली असती तर चिपाड झालं असतं. कुणी म्हणायचं, तोंड असं भरलं म्हणजे मुलगी. कुणी म्हणायचं, मुलगा. अक्का हसायची. मीही एकदोनदा हसले. आपल्याकडं बाई जाड झाली की सुखात आहे असंच समजतात, कारण आपल्या बायका जाड होतात तरी कधी.

मग एका सकाळी मला जाग आली ती उशिरा, आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चुलीपुढं अक्का भाकरी थापत होती. थाप ऐकू येत होती. बांगड्या ऐकू येत नव्हत्या.

मी उठून तिच्याजवळ बसले. बांगड्या मनगटावर एकीला एक चिकटून गप्प बसल्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं. मी एक फिरवून बघितली. हलेना. अक्कानं हात ओढून घेतला, पीठ लागलेल्या बोटांनी माझ्या कपाळावर टिचकी मारली आणि म्हणाली, पुढारीणबाई, आता माझ्या बांगड्यांवर पत्रक काढती का.

तिच्या आवाजात हसू होतं पण डोळे बारीक केलेले होते, उन्हात बघावं तसे. चुलीपुढं अंधारच असतो. मी विचारलं, काय होतंय. ती म्हणाली, काही न्हाई, जरा डोकं ठणकायलंय. कधीपासून? काल सकाळपासून, जाऊ दे ना. तिची भाकरी तव्याच्या कडेला पडली, अर्धी आत, अर्धी बाहेर. अक्काच्या हातून तशी भाकरी मी कधीच पडलेली बघितली नव्हती. तिला तव्याची कड नीट दिसत नव्हती.

मी पत्रकासाठी वाचलं होतं. हातातोंडावर सूज, डोकं दुखणं, डोळ्यापुढं काजवे. छापलेल्या ओळी मला तोंडपाठ होत्या, आणि त्या आता पीठ मळलेल्या हातांनी माझ्यासमोर बसल्या होत्या.  बाजारात माईक धरून बोलणारी मी, माझ्याकडून एवढंच निघालं, की माय, हिला आत्ताच्या आत्ता न्यायचं.

मायनं तिला आत नेऊन आडवं केलं. कपाळाला सुंठ उगाळून लावली. मी ओसरीवर आले तर आबा खाटेवर बसून होते. त्यांना सगळं ऐकू गेलेलं होतं. मी म्हटलं, आबा, तुम्ही सांगा तिला. माझ्या वडिलांनी आयुष्यभर बैलबाजारात, जत्रेत, तहसीलसमोर उभं राहून अनोळखी लोकांना सांगितलं होतं. आता त्यांनी पायातल्या चपलेकडं बघितलं आणि म्हणाले, तुझ्या मायला इचार. मला संताप आला. वाटलं, एवढे गठ्ठे कुणासाठी वाहिले मग. तसं मी बोलूनही दाखवलं. 

मी आत जाऊन सरकारी अँब्युलन्सला फोन लावला. तिकडून नाव, गाव, कितवा महिना असं विचारत होते. माय माझ्याकडं बघत होती. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, पोरगी आता त्यांची हाय. त्यांना न इचारता कसं न्यायचं? उद्या काही झालं तर जिम्मेदारी कुणाची?

विहीणबाई, म्हणजे अक्काच्या सासूबाई, नको म्हणतील याची तिला खात्री होती. मलाही होती. मी त्यांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. तळावर गाडी भरायचं काम चाललं असावं. ट्रॅक्टरचा आवाज, कुणाच्या तरी शिव्या, आणि मधून सासूबाईंचा दम लागलेला आवाज. मी सांगितलं की मायही ऐकते आहे, अक्काचं डोकं दुखतंय, सूज आहे, दवाखान्यात न्यायचंय, पण आठवा चालू आहे आणि नदी लागते.  मग त्या म्हणाल्या,

"नदी? अवो विहीणबाई, मी ह्या माझ्या पोराच्या बापाच्या जोडीला आठव्यात तोडीवर आले. भीमा ओलांडली, सीना ओलांडली, आजून कंच्या कंच्या. मुकादमानं महिना इचारला न्हाई. कामाला जाताना नदी चालती, अन् दवाखान्याला जाताना चालत न्हाई व्हय? न्या तिला. मला मोळी बांधायचीय."

फोन बंद झाला. मी मायकडं बघितलं. मला वाटलं, आता संपलं. पण माय म्हणाली, त्यांचं नशीब दांडगं, सगळ्यांचं तसं नसतं. आणि ती अक्काच्या उशाशी बसून तिचे हात चोळायला लागली. अक्का डोळे मिटून पडली होती. पोटात वरच्या अंगाला दुखतंय असं ती आता म्हणत होती, आणि ते मला आणखी वाईट लक्षण वाटत होतं. अँब्युलन्स येईलही, पण दारात आली तरी माय अक्काला उठवणार नाही, हे मला तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

मी अक्काचा दुसरा हात घेतला. बांगड्यांखाली कातडी लाल झाली होती. मी मायला म्हटलं, हे तरी बघ. हे काय बाळसं आहे का?

माय चोळता चोळता म्हणाली, तसं होतं. माझ्या बी अशाच रुतल्या होत्या.

कधी, मी विचारलं.

 दारात आबा येऊन उभे होते. तेच म्हणाले, त्याच्या येळंला.

अक्का आणि माझ्या मधे एक मुलगा होता, हे मला माहीत होतं. त्याला नाव नव्हतं, त्याच्याबद्दल घरात बोललं जात नव्हतं. भावकीतल्या बायकांच्या तोंडून मला लहानपणापासून एवढंच कळलं होतं की मायनं आठव्यात नदी ओलांडली आणि मूल गेलं. एवढ्या एका वाक्यात ती गोष्ट सुरू होऊन संपायची. मायला गावात कुणी उघड दोष दिला नसेल, पण गावातल्या प्रत्येक पोटुशीला आठव्यात सांगितलं जायचं ते तिचंच उदाहरण. मी पत्रकात ज्या भीतीला झोडपलं ती कुठून आली होती, ते पत्रकाच्या घड्या घालणारीला ठाऊक होतं.

आणि इतक्या वर्षांत ते वाक्य ऐकून मला एक साधा प्रश्न पडला नव्हता. तो तेव्हा पडला.

"माय, तू तेव्हा नदी कशाला ओलांडली होतीस?"

 हे तिला कुणी विचारलेलंच नव्हतं. लोकांनी नदी धरून ठेवली होती, तिच्या आधीचं काही नाही. ती सावकाश बोलायला लागली, मला सांगते आहे की स्वतःला तेच कळेना. डोकं फुटायलं होतं. तोंड सुजलं होतं, बायका म्हणायच्या लय गोरी झाली. बांगड्या रुतल्या. मग सांजच्याला दिसंनाच झालं. तेव्हा पूल न्हवता. ह्यांनी गाडी जुंपली अन् पाण्यातून घातली. पाणी चाकाच्या आऱ्याला लागलं होतं. पालमला पोचलो तोवर पोटातलं हालायचं थांबलं होतं.

मला रडू येत होतं, पण वेळ नव्हता. मी म्हटलं, "म्हणजे आधी बांगड्या रुतल्या, मग डोकं, मग डोळे. नदी सगळ्यात शेवटी आली, माय. नदीमुळं गेला नाही तो. तुला काहीतरी झालं होतं म्हणून नदीत जावं लागलं."

 आबांनी दाराची चौकट धरली. मला वाटतं, ते इतकी वर्षं मनात जी बैलगाडी हाकत होते ती त्या क्षणी थांबली. पण त्यांच्याकडं नीट बघायचं धाडस मला झालं नाही. मायनं अक्काचं मनगट दोन्ही हातांत घेतलं आणि एक बांगडी फिरवून बघितली. मग दुसरी. मग सगळ्यांत वरची. एकही फिरली नाही.

ती अक्काला म्हणाली, ऊठ बाई. चल.

अँब्युलन्स आली. शेजारणी दारात जमल्या, एकीनं आठवा म्हणायला तोंड उघडलं. मायनं तिच्याकडं असं बघितलं की ती बाजूला झाली. पूल लागला तशी मायनं अक्काच्या पोटावर तळहात ठेवला. पूल संपला, पालमचा रस्ता लागला, तरी उचलला नाही. हालतंय, हालतंय, असं ती मधूनमधून पुटपुटत होती. एकदा बराच वेळ पुटपुटली नाही. मी विचारायला घाबरले. मागच्या काचेतून आबांची मोटारसायकल दिसत होती. मी तिच्याकडंच बघत राहिले.

पालमला रक्तदाब घेतला. सिस्टरनं पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा घेतला, आणि आत गेली. मला तिच्या चपलांचा भरभर आवाज अजून आठवतो. इंजेक्शन दिलं, आणि परभणीला घेऊन जा म्हणाले. तिथं पोचेपर्यंत अक्का आम्हाला उत्तरं देत होती पण चुकीची. मला ती माय म्हणाली.

परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला असं झालं होतं का. मी बोलायला गेले, तर माय पुढं झाली. ती हलक्या आवाजात सगळं सांगत गेली. सूज, डोकं, डोळे, मुलगा. काही लपवलं नाही, नदीचं नावही काढलं नाही. बाई ऐकून म्हणाल्या, झटके येण्याच्या आधी आणलंत, आता मूल बाहेर काढावं लागेल, दोघांचंही आत्ता काही सांगता येत नाही. हा आजार जगात सगळीकडं आहे, त्या म्हणाल्या. कुणाला का होतो ते नीट सांगता येत नाही. हात सुजला म्हणजे आजारच असंही नाही, पण रक्तदाब बघितल्याशिवाय ते कळत नाही.

आत नेण्याआधी बांगड्या काढायच्या होत्या. साबण लावून बघितला, निघाल्या नाहीत. सिस्टरनं कापूस आणि एक चिमटा घेतला. माय म्हणाली, थांबा, मी वाढवते. तिनं अक्काच्या मनगटाखाली पदर घेतला आणि एकेक बांगडी अंगठ्यानं दाबून वाढवली. हिरवे तुकडे पदरात पडत गेले. बांगडी निघाल्यावर तिच्या जागी खोल वळ राहत होता, आणि तो भरून येत नव्हता.

मग दार लागलं. बाहेरच्या बाकावर आमच्यासारखी कितीतरी माणसं होती, डबे, पांघरुणं, थर्मास घेऊन. आबा माझ्याशेजारी बसले. त्यांच्या पिशवीत कुठलीतरी पत्रकं होती, नेहमीप्रमाणं. त्यांनी ती बाहेर काढली नाहीत. माय पदराची गाठ मुठीत धरून उभीच राहिली. माझ्या मनात सारखं येत होतं, की बांगड्यांचा आवाज थांबल्याला किती दिवस झाले होते. आधीच्या सकाळी मला जाग कशानं आली होती ते आठवेना. मला कालच कळायला हवं होतं, की परवा?

मुलगी झाली. मूठभर. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. अक्का दोन दिवस कधी ओळखायची, कधी नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, पत्रकवाले, तोंड कामून असं केलंय? तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले. पोरगी पुढं कित्येक दिवस पेटीत आणि मग मायच्या छातीशी बांधलेली होती. ती श्वास घेते आहे का हे बघायला मी दर थोड्या वेळानं तिच्या नाकापाशी बोट न्यायची. तळावरून सासूबाईंचा निरोप आला, तोड संपली की येते, तोवर माझ्या नातीला अंघोळ घालू नका, मी घालीन.

अक्का आता बरी आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. पोरगी रांगते. मी आठव्या महिन्याचं जुनं पत्रक परत छापलेलं नाही. नवं लिहायला बसते, पण अजून जमलं नाही; लिहिताना मायचा चेहरा समोर येतो आणि मथळे टिकत नाहीत.

मागच्या महिन्यात आम्ही ताडकळसच्या बाजारात होतो. आबा लिंबाखाली बोलत होते. पलीकडं कासाराच्या पाटीपुढं एक पोटुशी मुलगी बसली होती, सोबत तिची सासू. हिरव्या बांगड्या भरणं चालू होतं. माय बघता बघता तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, हात दे बरं जरा. मुलीनं गोंधळून हात पुढं केला. मायनं बांगडी फिरवली. फिरली. सोडली, तर ती घसरून बाकीच्यांवर वाजली. माय सासूला म्हणाली, ह्या वाजायच्या थांबल्या की महिना इचारीत बसू नका, तडक दवाखान्यात न्या. सासूनं तिला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, तुमी कोण, डॉक्टरीण का?

 मग त्या सासू-सुना उठून गर्दीत गेल्या. माय मान थोडी कलती करून ऐकत उभी राहिली, आणि मीही. पण बाजारात इतक्या बायका होत्या, इतक्या बांगड्या वाजत होत्या, की त्या मुलीच्या कुठल्या ते पुढं कळेना.